आईच्या पत्रावर लाल शाईने

सैनिकांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं चालीत बांधायचं काम रेडिओ केंद्राने माझ्या गळ्यात मारलं, तेव्हा मी भलताच वैतागलो होतो. पत्रात ना यमक ना मात्रा. कुणी फाटक्या बुटांबद्दल लिहितो, कुणाची बायको नळ गळतोय म्हणून. ‘इकडे सगळे ठीक’ या तीन शब्दांना आजवर मी नऊ वेळा चाल लावली असेल. दर बुधवारी दुपारी तीनला गाणं थेट आघाडीवर ऐकू जायचं. एकदा तोंडातून गेलं की गेलं, परत घ्यायची सोय नव्हती.

आमच्या गल्लीतले शिंपीकाका दोन कागद घेऊन आले. एक त्यांच्या आघाडीवरच्या मुलाचं पत्र, आणि दुसरी त्याला आईने परवाच दिलेल्या उत्तराची नक्कल. मी चपापलोच. काकूंना जाऊन चार महिने झाले होते. खांदा द्यायला मीही होतो.

“ती सांगायची, मी लिहायचो. अक्षर पहिल्यापासून माझंच,” काका म्हणाले. “खोटं लिहायचं तर लक्षात ठेवावं लागतं, म्हणून नक्कल ठेवतो.”

“पण त्याला सांगत का नाही?”

“गेल्या वर्षी तिला नुसता ताप आला, तर पठ्ठ्या रजा नसताना निघाला. वाटेत धरला. या खेपेला निघाला तर गोळी घालतील, तसं लेखी आलंय घरी.” मग त्यांनी मुलाच्या पत्रावर बोट ठेवलं. “आणि आता त्याला शंका आलीय. बघा. आई हल्ली रागवत का नाही, म्हणतो. गाणं ऐकलं तर पटेल त्याला.”

नकलेत काका जमेल तसे रागावले होते. ‘तोंड वर करून शंका कसल्या काढतोस? आधी पायमोजे धू. आलास की बघते तुझ्याकडे.’ मला हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. चाल मात्र एका बैठकीत झाली. इतकी सरळ चाल मला आयुष्यात सुचली नव्हती.

घोडं अडलं गायिकेपाशी. बाईंचा गळा गोड, रागवायचं म्हटलं तरी त्या लाडच करायच्या. गाणाऱ्याच्या कागदावर माथ्याशीच लाल शाईने सूचना लिहायची माझी जुनी सवय. लिहिलं : ‘ही आई चार महिन्यांपूर्वी वारली. मुलाला माहीत नाही. पत्र बापाने लिहिलं आहे. रडू नका, रागवा.’ बाईंनी वाचलं, डोळे पुसले, आणि तालमीत अशा रागावल्या की मीच पायमोज्यांकडे बघितलं.

बुधवारी निवेदकसाहेब नेहमीप्रमाणे धापा टाकत आले. प्रास्ताविकाचा कागद घरी विसरले होते. लाल दिवा लागला तसा त्यांनी बाईंसमोरचा कागद ओढला, आणि माथ्यावर जे होतं ते त्या मखमली आवाजात वाचून दाखवलं. पहिली दोन वाक्यं, तिसरंसुद्धा. मी काचेच्या अलीकडे होतो. काच बडवली, ओरडलो. ती खोली बांधलीच होती बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून. बाई पांढऱ्याफटक पडल्या, पण गायल्या. फार सुंदर गायल्या.

“वर लिहिलं होतं ते वाचलं,” निवेदक नंतर म्हणाले. त्यांचं काय चुकलं? लिहिलं मीच होतं.

काकांच्या दुकानात रेडिओ होता. मी गेलो तेव्हा ते एका कोटाला काजं करत होते. मला एक शब्द लागट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. “कधीकधी बुधवारी तो पहाऱ्यावर असतो,” एवढंच म्हणाले.

बारा दिवस मी टपालाच्या वेळेला तिथे जाऊन बसत होतो. तेराव्या दिवशी पाकीट आलं. काकांनी ते माझ्याकडे सरकवलं. अक्षर मुलाचं होतं. मी मोठ्याने वाचलं.

‘गाणं ऐकलं. पहाऱ्यावरून येईपर्यंत सुरुवात हुकली. सोबती म्हणाले, आधी नुसती खरखर होती. त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या वाटची साखर मला दिली, का कोण जाणे. आई रागावली, जिवात जीव आला. पण बाई परकी. पुढच्या वेळी आईलाच गायला बसवा, दोनच ओळी. लाजू नकोस म्हणावं तिला. सगळी तुकडी वाट बघतेय.’

“जिवंत आहे,” मी म्हणालो. काकांनी मान हलवली. मग नकलांची वही काढली, कागद घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी स्वतःच लिहिलं, ‘येणार होते रे, पण घसा बसलाय.’

पेन तिथेच थांबलं.

“घसा किती दिवस बसलेला राहतो हो माणसाचा?” त्यांनी विचारलं.