सीटवर अंथरायला काहीतरी

दातांच्या डॉक्टरांची नवी गाडी त्यांच्या ताईच्या अंगणात शिरली आणि अर्धं अंगण भरलं. काळी, धिप्पाड, आत चढायला पायरी असलेली. शेजारी भावोजींची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार होती, लाल, बुटकी, जमिनीला टेकल्यासारखी. भंगारातून आणून त्यांनी ती स्वतःच्या हातांनी उभी केली होती.

"भावोजी, हिच्यात बसायचं की ही अंगात घालायची?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचे बाबासुद्धा हसले.

"अंगातच घालायची," भावोजी म्हणाले. "काढताना तेवढं कुणालातरी ओढावं लागतं."

"हौस म्हणून ठीक आहे हो. पण वेळ आली तर? माझी दगडधोंड्यांतून, ओढ्यातून, कुठूनही जाईल."

"गेलास का कधी?" ताईनं विचारलं.

"जाईन की!"

भावोजींनी वाद घातला नाही. ते आपल्या गाडीवर मऊ सुती खोळ चढवत होते. लाल रंगावर धूळ बसलेली त्यांना खपत नसे.

जेवणं आटोपत होती, तोच टेकडीवरची मधमाश्या पाळणारी बाई धापा टाकत फाटकातून आली. तिचा नवरा छप्पर शाकारताना खाली पडला होता. पायाचं हाड बाहेर आलं होतं, रक्त थांबत नव्हतं. वरची कच्ची वाट रुग्णवाहिकेला चढवत नाही, असं फोनवर सांगितलं होतं.

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. ते लगेच उठले, किल्ली घेतली, मागचं दार उघडलं. आत नवी कोरी फिकट सीट होती.

"सीटवर अंथरायला काहीतरी घ्या हं," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "रक्ताचे डाग जात नाहीत."

बाई जागच्या जागी थांबली. मग डोक्याला बांधलेला रुमाल सोडू लागली. त्यानं सीटचा कोपराही झाकला नसता.

ताईनं मान फिरवली. भावोजींनी लाल गाडीवरची खोळ एका हिसक्यात ओढली, डॉक्टरांच्या गाडीच्या मागच्या सीटवर पसरली आणि म्हणाले, "चला."

गाडीनं नाव ठेवायला जागा दिली नाही. दगडांवरून, चिखलातून ती सरळ वर गेली आणि जखमी माणसाला घेऊन तशीच खाली उतरली. बाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. खोळ लाल होत चालली होती. डॉक्टरांना आरशात बघवेना.

पाय वाचला. बाबांचा फोन आला, "बघ, शेवटी तुझीच गाडी कामी आली!" डॉक्टरांनी विषय बदलला.

चार-पाच दिवसांनी ते त्या माणसाला भेटायला दवाखान्यात गेले. वाक्य वाटेत घोकून ठेवलं होतं.

"त्या दिवशी मी जे बोललो..."

"काय बोललात?" बाई सफरचंद कापत होती. "तुमच्यामुळे पाय वाचला बघा."

"मला ती गाडी शुद्धीवर असताना बघायचीय," नवरा म्हणाला. बाई हसली, पण तिची नजर सुरीवरून हलली नाही. तिला शब्द न् शब्द आठवत होता, हे डॉक्टरांना कळलं.

खोलीतून बाहेर पडल्यावर त्यांनी भावोजींना फोन लावला.

"मला माफी मागता आली नाही हो."

"तिनं मागू दिली नसेल," भावोजी म्हणाले. "पुन्हा जा."

डॉक्टर जिन्यातच उभे राहिले. मग ते मागे वळले.