उंबऱ्याचा दगड

शाहूपुरीजवळची ती जुनी तालीम पाडून तिथं दुकानांचा कॉम्प्लेक्स उठणार, हे ठरल्यातच जमा होतं. वाचवायचा एकच मार्ग उरला होता, वारसा इमारत म्हणून तिला सरकारी संरक्षण मिळवणं. आण्णा वस्तादांनी तसा अर्ज केला. त्यांचा सगळा जन्म त्या लाल मातीत गेलेला. बायको गेली तेव्हाही ते रडायला तिथंच येऊन बसले होते. पाहणीला अधिकारी येणार असा निरोप आला आणि म्हातारा पोरासारखा हरखला.

लगोलग धैर्यशील दारात हजर. वस्तादांचा जुना पठ्ठ्या, आता बिल्डर.

"वस्ताद, पावणं येणार आन भिंतीचं पोपडं असं? उंबरा तर झिजून खड्डा पडलाय. लाज जाईल की आपली. मी करतो समदं."

"कॉम्प्लेक्स तूच बांधणार म्हणत्यात की."

धैर्यशीलनं आखाड्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली. "हिच्यापुढं धंदा कसला, वस्ताद?"

मातीची आण घेतल्यावर आण्णा विरघळले. पाहुण्यापुढं गबाळं दिसायचं म्हणजे त्यांना मरणच. कुणा शहाण्यानं त्यांना हटकायला हवं होतं, पण गल्लीतले सगळे शहाणे टाइल्सचा रंग निवडण्यात गुंतले होते.

काळ्या दगडाची कमान निघाली, सागवानी खांब निघाले, उंबरा निघाला. चकचकीत टाइल्स आल्या, भिंतींना गुलाबी ऑइलपेंट आला. आण्णांनी डोळे पुसत धैर्यशीलला स्वतःच्या हातानं फेटा बांधला.

पाहणीला पूर्णिमा नावाच्या अधिकारी बाई आल्या. अर्जाला जोडलेला फोटो हातात धरून त्यांनी विचारलं, "ही कमान कुठं आहे?"

"काढली की!" आण्णा छाती फुगवून म्हणाले. "तुमच्यासाठी समदं नवं केलंय, बाईसाहेब."

"आजोबा, संरक्षण जुन्या इमारतीला मिळतं. इथं जुनं काय उरलंय?"

आण्णांचं तोंड उतरलं. त्यांनी आखाड्याकडं बोट केलं. "माती हाय की."

"मातीला नाही मिळत," बाई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

अर्ज फेटाळला गेला. जेसीबीनं गुलाबी भिंती एका सकाळीत भुईसपाट केल्या.

पुढं गगनबावडा रस्त्यावर धैर्यशीलच्या फार्महाऊसची वास्तुशांत निघाली. आमंत्रण नसताना आण्णा गेले. का फसवलंस, एवढंच विचारायचं होतं. वाटभर ते तेच घोकत होते. दारात पोचले आणि थबकले. वर तीच कमान, बाजूला तेच खांब. फेटा बांधून धैर्यशील पाहुण्यांचं स्वागत करत उभा होता आणि त्याच्या पायांखाली, मधोमध झिजलेला, तालमीचा उंबरा होता.

आत पाऊल टाकण्याआधी वाकून उंबऱ्याला हात लावायचा, हे अंगात इतकं मुरलेलं की पाठ आपोआप वाकली.

"बघा रं, वस्ताद माझ्या पाया पडत्यात!" धैर्यशील ओरडला. हशा पिकला. मोबाईल वर झाले.

त्यानं पाय काही हलवला नाही. "फोटू निघंपर्यंत तसंच ऱ्हावा, वस्ताद."

आण्णा तसेच वाकून राहिले. दगडावरचा हात त्यांना उचलवेना.