नाथाजीचा दगड

बनुबाईने चावडीपुढच्या बैलगाडीवरची घोंगडी पायाकडून उचलली. तोंडाकडून उचलू नका, असे पोलीसपाटील आप्पासोंनी हळूच सांगितले होते. छऱ्यांनी तिथे ओळखण्याजोगे काही ठेवले नव्हते. पाय चिखलाने भरलेले, ते कुणाचेही असू शकले असते. तिने घोंगडीखाली हात घालून उजवा हात बाहेर ओढला, अंगठा पाहिला आणि हात होता तसा परत ठेवला. अंगठ्याच्या पेरात काळी शाई मुरलेली होती. लग्न झाल्यापासून ती अंगठा राखेने, लिंबाने घासून घ्या म्हणून मागे लागायची, आणि तो माणूस हसून पुन्हा बोरू उचलायचा.

फौजदार परगावचा होता. पहाटे उसाच्या बांधावरून कोणी चालताना दिसले, शिपायांनी नाव विचारले, उत्तर आले, "नाथाजी." त्यांना नाथाजीच हवा होता. त्यांनी गोळी घातली.

गावचा देव नाथ, त्यामुळे नवसाने झालेला पोरगा नाथाजी. त्या वेळी गावात तीन होते. बायकांनी नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, आणि दुसऱ्याचे घ्यावे तर तेही तेच. म्हणून बायकांनी आपापसांत सोय लावली होती. जत्रेसाठी पोवाडे रचायचे ते कवनांचे. जुने मोडी कागद धुंडाळत गावोगाव हिंडायचे ते बखरीचे. आणि बेचाळीसपासून घर सोडून, गोऱ्या सरकारच्या नाकावर टिच्चून गावागावांतून आपले सरकार चालवत होते ते रानातले. बक्षीस रानातल्यांवर लागले होते.

गाडीवर होते ते बखरीचे. एका बखरकाराने दोन जुन्या नाथाजींची गल्लत केली होती. एक गढीच्या दारात पडला, दुसरा जगून इनाम खात बसला, आणि बखरीने मेलेल्याचे शौर्य जगलेल्याच्या पदरात घातले. त्या दोघांना वेगळे काढायचा ध्यास बनुबाईच्या नवऱ्याने घेतला होता. पलीकडच्या गावात जुन्या कागदांचा एक रुमाल निघाला आहे असे कळले, म्हणून तो उजाडायच्या आत निघाला होता. भाकरीसुद्धा घेऊन गेला नाही.

फौजदाराने छडीने गाडीचे चाक वाजवले. गावातले पुरुष कालपासून नाथाच्या देवळात कोंडलेले होते आणि त्यांच्या तळव्यांवर काठ्या बसत होत्या. हा हवा असलेला माणूस असेल तर ते सुटतील, नसेल तर पुन्हा पहिल्यापासून, असे त्याने आप्पासोंना सांगून टाकले होते.

"नाथाजीच हाय साहेब," आप्पासो म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते.

"बायको कोण याची?"

शालूबाई, रानातल्यांची बायको, गर्दीच्या कडेला पोर कडेवर घेऊन उभी होती. घोंगडीखालून निघालेला हात तिनेही पाहिला होता. तो आपल्या माणसाचा नव्हे हे तिला कळले होते, आणि सुटकेने तिचा चेहरा सैल पडला होता. फौजदाराने अजून तिकडे पाहिले नव्हते.

बनुबाईने पाहिले. ती गर्दीत शिरली, शालूबाईच्या कडेवरचे पोर काढून शेजारणीला दिले आणि तिला दंडाला धरून गाडीपाशी आणले.

"हिचा मालक," ती फौजदाराला म्हणाली.

फौजदाराने शालूबाईला मालकाचे नाव विचारले. तिने पदर कपाळावर ओढला. बायका नाव घेत नाहीत हे त्याला ठाऊक होते. त्याने मान हलवली आणि बांगड्या फुटायची वाट पाहत तो उभा राहिला.

"आक्का, नगं," शालूबाई दातातल्या दातात म्हणाली. "जित्या माणसाचं कुक्कू पुसू व्हय?"

"देवळातनं वरडत्यात ते ऐक. बस खाली."

बांगड्या फोडायला विधवाच लागते. गावातली जुनी विधवा रंगूबाई सवयीने पुढे आली. बनुबाईने तिला हाताने अडवले, चावडीच्या पायरीजवळचा धोंडा उचलला आणि शालूबाईचे मनगट मांडीवर घेतले. स्वतःच्या कपाळावर कुंकू असताना कोणी बाई असले काम करत नाही. रंगूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग गाडीकडे, मग पदर तोंडात कोंबून मागे सरली. आप्पासोंनी मान खाली घातली.

काचा गाडीच्या चाकाखाली पडल्या. शालूबाई रडली, आणि ते रडणे इतके खरे होते की फौजदाराने टोपी काढली.

संध्याकाळच्या आत देवळाचे दार उघडले. चितेला अग्नी शालूबाईच्या दिराने दिला. बनुबाईच्या घरी त्या दिवशी चूल पेटली. पेटवावीच लागली, धूर दिसायला हवा होता. तिने पिठले केले आणि गाईपुढे ठेवले.

बखरीचे कुठे गेले, असे कोणी विचारले तर ती सांगायची, वाईला कागद वाचायला गेलेत. पुढे वाईहून आणखी कुठे. पूर्वीही तो माणूस असाच महिनोन्महिने जायचा, त्यामुळे कुणाला नवल वाटले नाही; उलट बायका तिची कीव करायच्या, काय बाई नवरा. चैत्रातल्या हळदीकुंकवाला ती जायची, कपाळ पुढे करायची, ओटी घ्यायची. शालूबाई भुंड्या हातांनी आपल्या दारात बसलेली असायची. येता-जाता दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

एका दुपारी कवनांचे नाथाजी येऊन उंबऱ्याबाहेर बसले. पाणी दिले ते तसेच राहिले.

"पवाडा कर म्हंत्यात समदी," ते म्हणाले. "रानातल्या गड्याच्या मरणावर. मी चितेवर हात बघितला हुता, वैनी. कसा करू?"

बनुबाई सुपात गहू पाखडत होती. तिने सूप थांबवले नाही.

"मरान खरं हाय. तेवढं नीट करा. बाकीचं तुमी कायमच पदरचं घालताय."

"बखर्‍या आसता तर माझी सालटी काढली आसती."

"काढलीच आसती," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली. बाहेर बसलेल्याला बराच वेळ आतून पाखडण्याचा आवाज आला नाही.

पोवाडा कृष्णाकाठच्या गावांतून फिरला. गोळी लागली तिथे, बांधावर, तरण्या पोरांनी दगड उभा केला आणि त्यावर एवढेच कोरले: हुतात्मा नाथाजी. बनुबाई गवताला जाताना त्या बांधाने जायची. जवळची वाट दुसरी होती.

सेहेचाळीस साली वॉरंटे उठली आणि रानातले नाथाजी गावात आले. हलगी लागली, हार पडले. मौला मणियाराने शालूबाईचे दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरले. तिने कपाळभर कुंकू लावले, तरी हात पुन्हा पुन्हा कपाळाकडे जात होता. मिरवणूक बांधावरून निघाली तेव्हा पोरांना दगड दिसला आणि ती हसत सुटली. जिता माणूस समोर चालतोय आणि हा हुतात्मा कसला, अपशकुन नको, असे म्हणत कृष्णात नावाच्या पोराने पहार आणवली.

रानातले नाथाजी थांबले. त्यांनी गळ्यातला हार काढला आणि तो हातात धरून उभे राहिले. कुठे ठेवावा ते त्यांना समजेना.

कृष्णाताने दगडाच्या बुडाशी पहार घातली.

"ऱ्हाऊ दे रं," बनुबाई म्हणाली. "नाव बराबर हाय."

पोर तिच्याकडे बघत राहिले. हलग्या एकेक करून थांबल्या. आप्पासोंनी पुढे होऊन पहार त्याच्या हातातून घेतली.

बनुबाई दगडाजवळ गवतात बसली. तिने पदराने कपाळ पुसले, सावकाश, घाम पुसावा तसे. मग हात मांडीवर घेऊन रंगूबाईला हाक मारावी म्हणून मागे पाहिले. रंगूबाई गेल्या पावसाळ्यातच वारली होती.

शालूबाई गर्दीतून पुढे आली. नव्या बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने त्या कोपराकडे दाबून चढवल्या, बांधावरचा एक धोंडा उचलला, आणि बनुबाईचे मनगट आपल्या मांडीवर घेतले.