शेवटच्या दिवशीची धुतलेली बाटली

मित्रांनो, ब्रिस्बेनच्या एका प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या फळीवर मी उभा असतो. मी एक जुना काचेचा नळा आहे. तळाला बारीक चाळणी, तिच्याखाली तोटी.

कारागिराने मला फुंकून घडवलं आणि मी डेस्पिना कालूरिस या रसायनतज्ज्ञ बाईंच्या हाती आलो. त्या माझ्यात बारीक मणी भरत. मण्यांना एकामागून एक अमायनो आम्लं जोडायची, दर वेळी धुवायचं आणि खाली उतरलेलं धुवण फेकायचं. अशी जी साखळी वाढते तिला पेप्टाइड म्हणतात. काय तिची हुशारी सांगू! नीट गुंफली, तर शरीरातली आजारी पेशी ती बरोबर हुडकून काढते. पण तिथे पोचून बिचारीच्या हातून फारसं काही होत नाही. औषधाचा छोटा रेणू मोठा कामसू, पण तो वाट फुटेल तिकडे जातो. दोघांना जोडलं की साखळी पत्ता शोधते आणि रेणू काम करतो. ही सोयरीक माझ्या पोटात जमायची, याचा मला फार अभिमान!

साखळी पूर्ण झाली की शेवटच्या दिवशी मात्र सगळं उलटं. आम्ल घालून साखळी मण्यांवरून सोडवायची, मणी टाकायचे आणि खाली आलेला द्रव जपायचा. त्या दिवशी डेस्पिनाबाई टाकाऊ द्रवाची बाटलीसुद्धा धुऊन, वाळवून ठेवत. त्यांच्याबरोबर काम करणारी, टोंगा बेटांवरून आलेली लोसालिने खो खो हसायची.

"कचऱ्याच्या बाटलीला आंघोळ? डेस्पिना, तू ना, अगदी सासू शोभतेस!"

"हस गं हस. एक दिवस माझे पाय धरशील."

एकदा लोसालिनेने अख्खा हिवाळा खपून कर्करोगावरचा एक रेणू बनवला. निघाला जेमतेम चिमूटभर, आणि तो सगळा तिने माझ्यातल्या साखळीला जोडला. मग आम्ल घातलं. पिवळसर द्रव खाली उतरला. पण हाताला सवय धुवण फेकायची! तिने तो सरळ टाकाऊ बाटलीत ओतला.

"अगं बाई! काय केलं मी हे! डेस्पिना, गेलं गं, सगळं गेलं!" ती रडायलाच लागली.

डेस्पिनाबाईंनी बाटली उजेडात धरली. "रडतेस कशाला, वेडे? आंघोळ घातलेली आहे ना ही? गार ईथर आण."

गार ईथरमध्ये साखळी विरघळत नाही; तो द्रव त्यात पडला आणि साखळीचा पांढराशुभ्र साका खाली बसला. लोसालिने रडता रडता हसायला लागली. पुढे तो शुद्ध करून तपासला, तेव्हा आजारी पेशी मेल्या आणि निरोगी पेशी शाबूत राहिल्या. त्या दिवशी लोसालिनेने लॅमिंग्टन केक आणला आणि पहिला तुकडा डेस्पिनाबाईंना भरवला.

आता साखळ्या यंत्र गुंफतं. डेस्पिनाबाई निवृत्त झाल्या. माझ्या काठाचा टवका उडाला आहे. परवा आवराआवरीत कोणीतरी मला फुटकी काच टाकायच्या पेटीत टाकलं. लोसालिने आता इथली प्रमुख आहे. तिने मला बाहेर काढलं, धुतलं, पुसलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं.

"आणि आज साखळी सोडवायचा शेवटचा दिवस आहे," ती सगळ्यांना ओरडून म्हणाली, "कचऱ्याची बाटली धुतलीत का रे?"

मित्रांनो, फेकण्याआधी हात थोडा थांबवा. आणि फेकायच्या वस्तूचं भांडंही स्वच्छ ठेवा.