मथुरेची मुक्तता

संविधान दिनाच्या आठवडाभर आधी वरून पत्र आलं : प्रत्येक गावाने निदान एक वेठबिगार मुक्त करून फोटोसह अहवाल पाठवावा; ‘निरंक’ चालणार नाही. कोंडसावरीचे ग्रामसेवक गुरुदास यांनी आजवर एकही अहवाल उशिरा दिला नव्हता. ते दोन दिवस दारोदार हिंडले. तुमच्याकडे कोणी गुलाम आहे का, असं विचारल्यावर एका घरी चहा मिळाला, बाकीच्यांनी कुत्री सोडली.

तिसऱ्या दिवशी दमून ते रवळनाथाच्या देवळापाशी टेकले. साठीची मथुरा अंगण झाडत होती. काय हुडकताय, असं तिने विचारलं. गुरुदासांनी कलम तेवीस समजावून सांगितलं : कुणालाही सक्तीने, फुकट राबवणं हा गुन्हा आहे.

मथुरेचा हात थांबला. “मगे ती मीच आसंय.”

हेच अंगण झाडता झाडता तिची सासू गेली, सासूची सासूही. मागच्या साली मथुरा तापाने पडली, तर देव कोपेल म्हणून गावाने तिला अंथरुणातून उठवून आणलं होतं.

गुरुदासांना आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

मुक्ततेच्या अर्जावर मालकाची सही हवी होती. सरपंच भाई म्हणाले, मालक आम्ही नव्हे. चाकरी देवाची, आणि हा तर तिचा मान. मग देवालाच कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. उजवी पडली. गुरुदासांनी लिहिलं : ‘मालक – देव रवळनाथ. हरकत नाही.’

सव्वीस नोव्हेंबरला गुरुदासांनी संविधानाची उद्देशिका वाचली, मथुरेला नारळ आणि दाखला मिळाला, फोटो झाला. मग भाईंनी केरसुणी तिच्यापुढे धरली.

“आता जबरदस्ती नाय, मथुरा. आता खुशीन झाड.”

ती हलली नाही. “मान आसा मा? मगे तुमीच घेवा. भाऊसायबांनी आत्ताच वाचल्यानी, सगळे सारखे.”

केरसुणी कुणीच घेतली नाही. आठ दिवसांत अंगणात फणसाच्या पानांचा थर साचला. झाडायचं कुणी म्हणून पुन्हा कौल लावला, तर कुणाच्याच नावावर पाकळी पडेना. शेवटी ग्रामसभेत गुरुदासांनी, कुणी न विचारता, घर नंबर एकपासून झाडायची पाळी सुचवली. घर नंबर एक भाईंचं होतं.

भाईंच्या पाळीच्या सकाळीच अहवाल परत आला : मालकाचा आधार क्रमांक नाही, सबब मुक्तता अमान्य. गुरुदास कागद घेऊन देवळाकडे गेले. भाई कमरेवर हात ठेवून, वाकून झाडत होते. मथुरा पायरीवर बसून पान चघळत, कुठला कोपरा राहिला ते सांगत होती.

“काय इला, भाऊसायबा?” तिने विचारलं.

“काही नाही,” म्हणत गुरुदासांनी कागद खिशात कोंबला आणि ते तिच्या शेजारी टेकले.