सव्विसावं औषध

त्याने मांजराच्या कपाळावरची ओली पट्टी आवळली आणि रबरी हातमोजे घातलेल्या हातांनी त्याला टेबलावर धरून ठेवलं. डॉक्टरांनी बटण फिरवलं. एरवी या आकड्याला मांजराला फिट यायची, ते ताठ व्हायचं, तोंडाला फेस यायचा. आज मांजराने नुसते कान झटकले आणि रागाने त्याच्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी विजेचा जोर आणखी वाढवला. मांजर उभंच राहिलं.

"मांजरकाका," डॉक्टर हळूच म्हणाले, "हे औषध लागू पडतंय."

प्रयोगशाळेतली मांजरं तोच सांभाळायचा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न तिथे कुणाला कधी पडत नसे. आजवर त्याने सव्वीस औषधं पाजली होती. पंचवीस वाया गेली होती. घरी बावीस वर्षांची लेक होती. नवव्या वर्षापासून तिला फिट यायची. जुन्या औषधाने ती दिवसभर पेंगायची, आणि तरी पडायचीच.

वर्षभराने ते औषध माणसांना द्यायचं ठरलं. पहिल्या दहाजणांत डॉक्टरांनी तिचं नाव लिहिलं. त्याने शब्द टाकला नव्हता.

एकोणीस दिवस ती पडली नाही. तिने एकटीने स्टोव्ह पेटवला. एकटीच बटणं आणायला दुकानात गेली, चुकीच्या रंगाची घेऊन आली, आणि वाटेत कोण कोण भेटलं ते जेवण होईपर्यंत सांगत राहिली. तो ऐकत होता. घास हातातच राहिला होता.

विसाव्या दिवशी तिच्या मानेवर लाल पुरळ उठलं. संध्याकाळपर्यंत ओठांना फोड आले. डॉक्टरांनी औषध त्याच क्षणी बंद केलं.

"मांजरांना असं काही झालं नव्हतं हो," ते म्हणाले. त्यांची नजर कागदांवर होती. "बाकी नऊजणांना छान मानवलंय."

"चांगलं झालं," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "अर्धी गोळी दिली तर?"

"जीव जाईल तिचा."

तो मान हलवून पिंजरे धुवायला गेला.

पुरळ ओसरलं, आणि आठवड्याभरात ती जिन्यात पडली. हनुवटीला चार टाके पडले. शुद्धीवर आल्यावर ती रडली नाही.

टाके काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाली. दार नुसतं लोटून घे, असं तो तिला चौदा वर्षं सांगत आला होता. आजही त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तो उठला. दाराबाहेर, ओल्या फरशीवरच, पाठ टेकून बसला. आत बादली भरत होती.

पाणी बंद झालं.

"बाबा, तुम्ही बाहेर बसलात ना?"

"छे," तो म्हणाला. "मी स्वयंपाकघरात आहे."