काचेच्या दाराखालची फट

आमच्या घराचं पुढचं दार जमिनीपासून छतापर्यंत काचेचं आहे. हट्ट माझा. गुडघ्यांमुळे सासऱ्यांना पायऱ्या उतरवेनात, तेव्हा निदान रस्ता तरी दिसावा म्हणून मी ते बसवून घेतलं आणि त्यांची खुर्ची दारासमोर मांडली. पण थंडी सुरू झाली, आणि हीटर दिवसभर चालू ठेवूनही खोली तापेना. सासरे खोकायला लागले.

"काच ती काचच," नवरा म्हणाला. "उद्या सुतार येतोय माप घ्यायला. लाकडी दार बसवून टाकू."

"हौसेला मोल नसतं," नणंदेनं फोनवरून आगीत तेल ओतलं.

मला राग आला, वाईटही वाटलं. हे दार गेलं की त्या माणसापुढे भिंतच येणार. शिवाय गणित जुळत नव्हतं. काच दुहेरी, दोन काचांमध्ये हवा कोंडलेली; मग ऊब जात होती कुठून? मी मुळात मुलखाची चौकस. एखादी गोष्ट जुळली नाही की मला घास गिळवत नाही.

नवरा कामावर गेल्यावर मी मेणबत्ती पेटवली.

"मेणाचा वास येतोय. वीज गेली का गं?" सासऱ्यांनी विचारलं. भर दुपारची वेळ होती.

"नाही बाबा, चोर शोधतेय."

त्यांनी नुसती खुर्चीतली गादी सारखी केली. एरवी माझ्या एका थट्टेला दोन उत्तरं देणारा माणूस.

काचेसमोर ज्योत ताठ उभी राहिली. बिजागऱ्यांपाशीही ताठ. कुलपापाशी जराशी हलली. खाली उंबरठ्याशी नेली तर आडवी झाली आणि विझलीच. मी ओणवी होऊन गाल फरशीला टेकवला. दाराच्या तळाला वारा अडवणारी रबराची पट्टी असते. खुर्चीच्या बाजूची हातभर पट्टी गायब होती. उंदरानं कुरतडली म्हणावं, तर कड सरळसोट, एका दमात कापलेली. असं कापणारा हात या घरात एकच. सासऱ्यांनी जन्मभर बूट शिवले. चामडं कापायची रापी अजून त्यांच्या उशाशी असते.

"बाबा, हे तुमचं काम?"

त्यांनी गादीखालून रबराची गुंडाळी काढून माझ्या हातात ठेवली. "टाकली नाही हं. जपून ठेवलीय."

"पण का? थंडीनं खोकताय नुसते."

"दार लागलं की बाहेरचं काही ऐकूच येईना. कोण आलं, कोण गेलं."

"दिसतं की सगळं. त्यासाठीच तर काच लावली."

"उजेड दिसतो गं. माणसं नाही दिसत आता." त्यांनी बोट खालच्या फटीकडे केलं. "पायताणावरून ओळखतो. पोस्टमन पाय ओढतो. तुझा नवरा अजून शाळेतल्यासारखा पायऱ्या गाळत येतो. तुझी डावी टाच झिजलीय, म्हणून तू कोपऱ्यावरच कळतेस. टाच बदलून घे, असं मुद्दामच सांगितलं नाही."

"आणि डोळ्यांचं का नाही सांगितलंत?"

"इतक्या हौसेनं दार बसवलंस. कोणत्या तोंडानं सांगू?"

मला रडू आलं. मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. सुताराला नको म्हणून कळवलं, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पट्टी मी स्वतः चिकटवली. दुसऱ्या दिवशी दुपारीच हीटर बंद करावा लागला, इतकी खोली उबदार झाली. माझं दार निर्दोष ठरलं होतं, पण त्याचा आनंद काही होईना.

संध्याकाळी बाजारातून परतले. सासरे काचेपलीकडे दोन हातांच्या अंतरावर बसलेले, तोंड सरळ माझ्याकडे. मी हात हलवला. चेहऱ्यावरची रेषही बदलली नाही.

मग मी बोटाच्या पेरानं काचेवर माझी चाल वाजवली. एक ठोका भरीव, एक पोकळ. भरीव, पोकळ.

त्यांनी मान वर केली. चेहरा उजळला, ओठ हलले, "आलीस?" दार इतकं पक्कं बसलं होतं की आवाज बाहेर आलाच नाही.